रायफलीवरची दुर्बीण

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग बुलढाणा जिल्ह्यात शिरला की मलकापूरनंतर वडनेर भोलजी हे गाव लागते आणि त्यापुढे नांदुरा. गावाभोवती पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन आहे. त्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा ही पिके डोलतात. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि त्यांत सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य. उत्तरेला सातपुडा आणि त्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य. दोन्हीकडे जंगल आणि मध्ये शेती, अशा या प्रदेशात रोही आणि रानडुकरे शेतात उतरणे आणि शेतकऱ्याने रात्रीची जागल करणे हे नित्याचेच.

याच ज्ञानगंगेत डिसेंबर २०१९ मध्ये एक पाहुणा येऊन दाखल झाला. तो होता एक तरुण वाघ. वन विभागाच्या नोंदीत त्याचे नाव होते ‘टी-१ सी-१’. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात तो जन्मला. जून २०१९ मध्ये त्याने घर सोडले आणि शेते, ओढे, रस्ते ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर भटकून तो येथे पोचला. हे अंतर कसे कळले? मार्च २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला होता म्हणून. तो पट्टा एप्रिल २०२० मध्ये काढून घेतला, तोवर वाघाची एकूण चाल ३००० किलोमीटरांच्या वर गेली होती.

आता प्रश्न असा, की वाघाच्या गळ्यात पट्टा बांधायचा कसा? त्याला आधी भूल द्यावी लागते. त्यासाठी भुलीच्या औषधाने भरलेला बाण लांबून मारतात. हा बाण सोडणारी बंदूक म्हणजे शिकारीच्या हलक्या रायफलीची जणू धाकटी बहीणच. दोघींनाही नेम धरण्यासाठी नळीवर एक छोटी दुर्बीण बसवता येते. तिला ‘स्कोप’ म्हणतात. कोणता स्कोप निवडावा आणि तो रायफलीवर कसा पक्का करावा, हा प्रश्न वरवर बाजारातल्या खरेदीचा वाटतो. पण त्यात आठवी ते दहावीच्या पुस्तकातील निम्मे भौतिकशास्त्र दडलेले आहे. आज आपण तेच उलगडून पाहू.

डोळ्याची अडचण

साध्या बंदुकीच्या नळीच्या टोकाला एक उंचवटा असतो. त्याला ‘माशी’ म्हणतात. डोळ्याजवळ एक खाच असते. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम लागला. पण डोळ्याच्या दृष्टीने हे काम अवघड आहे. खाच अर्ध्या मीटरवर, माशी सुमारे मीटरभर अंतरावर आणि लक्ष्य शंभर मीटरवर! आपल्या डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर नीट जुळते. माशी स्पष्ट पाहावी तर लक्ष्य पुसट होते आणि लक्ष्य स्पष्ट पाहावे तर माशी पुसट होते.

ऑलिंपिकमधील रायफल नेमबाजीत भिंगांच्या दुर्बिणीने नेम धरण्यास परवानगी नाही. तेथे मागच्या खाचेऐवजी एक बारीक छिद्र वापरतात. छिद्र लहान असले की जवळचे आणि लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. पिनहोल कॅमेऱ्याचेच हे तत्त्व. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते अशाच छिद्रातून नेम धरून. पण तेथे लक्ष्य ठरलेल्या जागी आणि भरपूर उजेडात असते. जंगलात संध्याकाळच्या वेळी झुडपाआडचा प्राणी छिद्रातून दिसणे कठीण. तेथे दुर्बीणच हवी.

कोळ्याचा धागा

१६०९ साली गॅलिलिओने आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीत पुढे बहिर्वक्र भिंग आणि डोळ्याजवळ अंतर्वक्र भिंग होते. तिच्यातून वस्तू मोठी आणि सुलटी दिसे. तरीही ती नेम धरायला उपयोगी नव्हती, कारण तिच्या नळीत कोठेही वास्तव प्रतिमा तयार होत नाही. १६११ साली केप्लरने दोन्ही भिंगे बहिर्वक्र असलेल्या दुर्बिणीची रचना मांडली. हिच्यातून वस्तू उलटी दिसते. पण नळीच्या आत, वस्तुभिंगाच्या नाभीपाशी, एक वास्तव प्रतिमा पडते.

१६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज तरुणाच्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा विणला. तो नेमका प्रतिमेच्या जागी होता. त्यामुळे दूरची वस्तू आणि धागा ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसू लागली! गॅस्कॉइनने या योगायोगाचा अर्थ ओळखला आणि दुर्बिणीत मुद्दाम धागे ताणून बसवले. आडव्या आणि उभ्या धाग्यांच्या त्या फुलीमुळे दुर्बिणीला ‘रोख’ मिळाला. पुढे भूमापनाच्या थिओडोलाइट यंत्रातही अशीच फुली आली. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या विदर्भातच, हिंगणघाट येथे, काम चालू असताना वारला. त्याच्या यंत्रांतील दुर्बिणीही याच तत्त्वावर रोखल्या जात.

रायफलीवरचा स्कोप म्हणजे केप्लरची दुर्बीणच. फक्त प्रतिमा सुलटी करण्यासाठी मध्ये आणखी भिंगे घातलेली. डोळ्याची जुनी अडचण येथे संपते. फुली आणि लक्ष्य यांच्या प्रतिमा एकाच प्रतलात येतात, म्हणून डोळ्याला एकाच ठिकाणी पाहावे लागते. स्कोपचा खरा फायदा हाच आहे. वस्तू मोठी दिसणे हा त्यानंतरचा.

किती पट मोठे?

पुष्कळांना वाटते, की जितके विवर्धन जास्त तितका स्कोप चांगला. हा समज तपासून पाहू.

पहिली गोष्ट दृश्यक्षेत्राची. ४ पट मोठे दाखवणाऱ्या स्कोपमधून १०० मीटरवर सुमारे ८ ते १० मीटर रुंदीचा देखावा दिसतो. तोच प्राणी २० मीटरवर असेल तर देखावा २ मीटरांहूनही कमी रुंदीचा असतो. म्हणजे उभा वाघ जेमतेम मावेल. विवर्धन १२ पट केले तर डोळ्यापुढे नुसते पट्टे दिसतील. ते खांद्यावरचे की पोटावरचे, हे सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. वस्तुभिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागले की डोळ्याकडे बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ३२ मिलिमीटर भिंग आणि ४ पट विवर्धन असेल तर ही शलाका ८ मिलिमीटरची होते. अंधुक उजेडात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे ती पुरती भरून निघते. त्याच भिंगावर १२ पट विवर्धन घेतले तर शलाका २.७ मिलिमीटरचीच राहते. भर दुपारी चालेल. पण संध्याकाळी चित्र काळवंडेल.

तिसरी गोष्ट हाताच्या कंपाची. स्कोप लक्ष्याबरोबर हाताचा कंपही मोठा करून दाखवतो. हलकी रायफल जड रायफलीपेक्षा हातात अधिक हलते. अशा रायफलीवर मोठे विवर्धन घेतले तर फुली लक्ष्यावर नाचत राहते आणि नेमबाज घाईने चाप ओढतो. म्हणून हलक्या रायफलीला २ ते ४ पट विवर्धनाचा, छोटा आणि कमी वजनाचा स्कोपच शोभतो.

हलकेपणाची किंमत

डोंगरदऱ्यांत दिवसभर खांद्यावर वागवायला हलकी रायफल बरी. पण न्यूटनचा तिसरा नियम त्याची किंमत वसूल करतो. समजा, १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली. तिचा संवेग ०.०१ × ८०० = ८ एकक झाला. तेवढाच संवेग रायफलीला मागच्या दिशेने मिळतो. रायफल ४ किलोची असेल तर ती सेकंदाला २ मीटर वेगाने मागे येते. ३ किलोची असेल तर सुमारे २.७ मीटर वेगाने. धक्क्याची ऊर्जा ८ ज्यूलवरून जवळजवळ ११ ज्यूलवर जाते. (दारूचा वायूही नळीतून वेगाने बाहेर पडतो, म्हणून प्रत्यक्ष धक्का याहून मोठा असतो.)

आता स्कोपवर काय बेतते ते पाहा. गोळी ६० सेंटिमीटर लांबीच्या नळीत समान त्वरणाने धावली असे धरू. तिला बाहेर पडायला ०.००१५ सेकंद लागतो. एवढ्या वेळात रायफल शून्यापासून २.७ मीटर वेगाला पोचते. म्हणजे तिचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १८० पट झाले! स्कोप अर्धा किलोचा असेल तर त्याला रायफलीबरोबर मागे ओढून नेण्यासाठी सुमारे ९०० न्यूटन बल लागते. ९० किलोच्या माणसाने त्या कड्यांना क्षणभर लोंबकळावे तसा हा ताण आहे. जडत्वामुळे स्कोप जागेवरच राहू पाहतो आणि रायफल त्याच्याखालून मागे सटकू पाहते. म्हणजेच कडी सैल असतील तर स्कोप प्रत्येक बाराला थोडा थोडा पुढे सरकत जातो.

स्कोप पाव किलोचा घेतला तर हा ताण निम्मा होतो. म्हणून हलक्या रायफलीला हलका स्कोप, हा नियम नुसता खांद्याच्या सोयीसाठी नाही. तो बैठकीच्या स्क्रूंसाठीही आहे.

याच धक्क्यामुळे स्कोपचे नेत्रभिंग डोळ्यापासून ८ ते ९ सेंटिमीटर दूर असूनही पूर्ण चित्र दिसावे लागते. हे अंतर कमी असेल तर मागे येणारी धातूची कड नेमबाजाच्या भुवईवर आदळेल.

कागदाच्या जाडीची चूक

स्कोप रायफलीवर बसवण्यासाठी दोन भाग लागतात. नळीच्या मागच्या जाड भागावर स्क्रूंनी घट्ट केलेली पट्टी म्हणजे ‘बैठक’, आणि स्कोपला मिठी मारणारी दोन ‘कडी’. लोक स्कोपवर पैसा खर्च करतात आणि बैठक स्वस्तातली घेतात. त्याचा परिणाम काय होतो, हे एका सोप्या गणितावरून कळेल.

दोन कड्यांत १० सेंटिमीटर अंतर आहे, असे धरा. मागच्या कड्याखाली एका साध्या कागदाइतका, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा फरक पडला. ०.१ भागिले १०० मिलिमीटर, म्हणजे हजारात एक इतका कोन झाला. १०० मीटरवर हजारात एक म्हणजे १० सेंटिमीटर! कागदाच्या जाडीइतकी चूक लक्ष्यावर वितीच्या निम्म्याएवढी होते.

त्यामुळे चांगल्या बैठकीची लक्षणे सांगता येतात. ती पोलादाची किंवा चांगल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची असावी. पट्टीवर आडव्या खाचा आणि कड्यांना त्यांत बसणारा आडवा बोल्ट असावा. मग धक्क्याचा ताण घर्षणावर न सोपवता धातूच्या टेकणीवर येतो. दोन्ही कडी एका अक्षात असावीत. नाहीतर स्कोपची नळी वाकते. स्क्रू सैल नसावेत. तसेच नळी चेपेल इतके आवळलेलेही नसावेत. आणि स्कोप नळीला न टेकता शक्य तितका खाली बसावा, म्हणजे गाल दस्त्यावर टेकलेला असतानाच डोळा आपोआप स्कोपच्या अक्षावर येतो.

बाणाचे गणित

आता भुलीच्या बंदुकीकडे वळू. रायफलीची गोळी १०० मीटर अंतर ०.१२५ सेकंदात कापते. हवेचा विरोध सोडून दिला तर तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे ८ सेंटिमीटर खाली येते. भुलीचा बाण मात्र सावकाश जातो. त्याचा वेग सेकंदाला ५० मीटर धरा. २० मीटर जायला त्याला ०.४ सेकंद लागतात. खाली येणे = ½ × ९.८ × ०.४ × ०.४ = ०.७८ मीटर. अवघ्या २० मीटरवर पाऊण मीटरहून जास्त घसरण!

म्हणजे नळी दृष्टिरेषेच्या मानाने वर रोखलेली हवी. किती? स्कोप नळीच्या वर ४ सेंटिमीटर आहे, तेही धरले तर २० मीटरला ८२ सेंटिमीटर. म्हणजे हजारात ४१. स्कोपवर नेम खालीवर करण्याचे गोल बटण असते. त्याच्या एकेका टिचकीने फुली बहुधा १०० मीटरवर ७ मिलिमीटरच सरकते. हजारात ४१ इतका कोन त्या बटणाच्या आवाक्याबाहेरचा आहे. हे काम बैठकीनेच करावे लागेल. १० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन कड्यांपैकी मागचे कडे सुमारे ४ मिलिमीटर उंच ठेवावे लागेल. गोळीच्या रायफलीसाठी उत्तम असलेली सपाट बैठक येथे निरुपयोगी ठरते. रायफल बदलली की निवडही बदलते, ती अशी.

धक्क्याची चिंता मात्र येथे नाही. १० ग्रॅमच्या बाणाचा संवेग अवघा ०.५ एकक आहे. तीन किलोची बंदूक सेकंदाला १७ सेंटिमीटर वेगानेच मागे सरकते. पण जंगलातल्या रस्त्यावर जीपचे हिसके बसून स्क्रू सैल होऊ शकतात. म्हणून कामाच्या आधी निर्जीव लक्ष्यावर नेम तपासणे आवश्यकच.

सर्वात मोठी चूक मात्र स्कोपचीही नसते आणि बैठकीचीही नसते. ती अंतराच्या अंदाजाची असते. प्राणी २० मीटरवर आहे असे वाटले आणि तो २५ मीटरवर निघाला, तर घसरण ०.७८ मीटरऐवजी १.२३ मीटर होते. नळी वर रोखलेली असूनही बाण जवळपास पाव मीटर खाली जाईल. मांडीच्या जाड स्नायूऐवजी तो पायाच्या हाडावर लागेल किंवा मातीत रुतेल. पुष्कळ भुलीच्या बंदुकांत वायूचा दाब बदलून बाणाचा वेग कमीजास्त करता येतो. ३० मीटरवर त्याच रोखाने नेम साधण्यासाठी वेग ५० ऐवजी सुमारे ६१ मीटर लागेल. पण तोच वेग जवळच्या प्राण्यावर वापरला, तर बाणाची ऊर्जा साडेबारा ज्यूलवरून साडेअठरा ज्यूलवर जाते. सुईने टोचण्याऐवजी जखमच होण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी अंतर मोजायचे, मग दाब ठरवायचा आणि शेवटी स्कोपला डोळा लावायचा, असा क्रम ठेवावा लागतो.

पराशय: किती घाबरावे?

बोट डोळ्यांपुढे धरा आणि डोके डावीउजवीकडे हलवा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. याला पराशय म्हणतात. स्कोपमध्ये प्रतिमा आणि फुली एकाच प्रतलात असतील तर पराशय नसतो. पण हे जुळणे एका ठरावीक अंतरासाठीच असते. शिकारीच्या स्कोपमध्ये बहुधा १०० मीटरच्या आसपास. २० मीटरवर चूक किती होईल? ३२ मिलिमीटर भिंगाची त्रिज्या १६ मिलिमीटर. तिला (१०० − २०) / १०० ने गुणले की जवळजवळ १३ मिलिमीटर येतात. डोळा अगदी कडेला असला तरी चूक एवढीच. घसरणीच्या ७८ सेंटिमीटरपुढे ती क्षुल्लक आहे. कोणत्या चुकीची काळजी करावी आणि कोणत्या चुकीची सोडून द्यावी, हे अशा गणितानेच कळते.

करून पहा

प्रयोगशाळेतून ५० सेंटिमीटर आणि ५ सेंटिमीटर नाभीय अंतराची दोन बहिर्वक्र भिंगे घ्या. मीटरपट्टीवर मातीच्या गोळ्यांनी ती एकमेकांपासून ५५ सेंटिमीटरवर उभी करा. लहान भिंगातून दूरच्या झाडाकडे पाहा. झाड उलटे आणि सुमारे १० पट मोठे दिसेल. आता दोन्ही भिंगांच्या मध्ये, मोठ्या भिंगापासून ५० सेंटिमीटरवर, डोक्याचा एक केस उभा ताणून धरा. डोके किंचित हलवा. केस झाडावरून सरकताना दिसला तर त्याला पुढेमागे करा. एका जागी तो झाडाला चिकटल्यासारखा स्थिर होईल. गॅस्कॉइनच्या कोळ्याने धागा विणला होता, तीच ही जागा. सूर्याकडे मात्र या भिंगांतून चुकूनही पाहू नका.

दुसरे काम वर्गात करा. सेकंदाला ५० मीटर वेगाच्या बाणाची घसरण १०, १५, २०, २५, ३० मीटरवर किती होईल याचा तक्ता करा आणि आलेख काढा. ३० मीटरचे उत्तर सुमारे १.७६ मीटर यायला हवे. अंतर दुप्पट केले की घसरण किती पट होते, तेही पाहा.

नेम कशासाठी?

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली. वाघासारखा प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, तरी त्याला पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही याची खात्री झाल्याखेरीज मारण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकाला देता येत नाही. पूर्वी रायफल आणि स्कोप यांची निवड प्राणी पडावा म्हणून केली जाई. भुलीच्या बंदुकीचा नेम मात्र तो प्राणी काही वेळाने पुन्हा उठून आपल्या पायांनी चालू लागावा यासाठी धरतात. टिपेश्वरचा तो वाघ भूल उतरल्यावर उठला आणि ज्ञानगंगेपर्यंत चालत आला.

तेव्हा स्कोप निवडताना ध्यानात ठेवायचे ते थोडक्यात असे: विवर्धन बेताचे, प्रकाश भरपूर, वजन कमी, बैठक पक्की आणि कामाला साजेशा कोनाची. दुर्बीण फक्त दाखवते. ती दाखवते त्या ठिकाणीच नळी रोखलेली राहील, हे बैठक पाहते. लक्ष्य किती दूर आहे आणि चाप ओढावा की नाही, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.